किहीमची सुगरण आणि बर्लिनची रजा
संगणकक्षेत्रातील भरपूर पगाराची नोकरी सोडून परदेशी उच्चशिक्षणास निघालेल्यांनी किहीमचा एक जुना दाखला पाहावा. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शक-व्याख्यात्याच्या नोकरीतून १९२८ साली अभ्यासरजा घेऊन सलीम अली बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे रीतसर अध्ययन करण्यास गेले, आणि १९३० मध्ये परतून पाहतात तो द्रव्याभावी त्यांची जागाच रद्द झालेली! मग बिऱ्हाड अलिबागजवळच्या किहीम गावी हलले; आणि तेथे सुगरणीच्या वसाहतीचे चिकाटीने निरीक्षण करून त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदविले, की खोपा विणणारा नर (श्रेय मात्र आपल्या भाषेने मादीच्या नावे खतावले आहे!) अर्धवट खोपा मादीच्या पसंतीस उतरला की तो पुरा करतो, आणि लगोलग दुसरीसाठी दुसरा आरंभतो.