संगीतरचनेची उघडी वही

स्वर जुळवण्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना ऐकताच आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु हा विषय वाटतो तितका परका नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात स्वरक्रमांचे गणित मांडले आहे. प्रत्येक स्वर एकदाच घेतला, तर तीन स्वरांचे ६ क्रम होतात, पाचांचे १२० आणि सातांचे ५०४०. यांपैकी अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, हे सारी यादी न लिहिता ‘खंडमेरू’ या कोष्टकावरून काढता येते.

आधी नियम ठरवावा व त्यावरून स्वररचना काढावी, यालाच आज अल्गोरिदमने केलेली संगीतरचना म्हणतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर व लेनर्ड आयझॅकसन यांनी १९५७ साली ‘इलियाक’ या संगणकाच्या साहाय्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना सिद्ध केली. संगणकाने यदृच्छेने आकडे काढावेत, आकड्याला स्वर मानावे, आणि नियमांत न बसणारा टाकून द्यावा, अशी त्यांची मुख्य रीत होती.

आता अशा कामासाठी तयार सॉफ्टवेअर मिळते. त्यांपैकी ‘सुपरकोलायडर’चे उदाहरण घेऊ. जेम्स मॅकार्टनी यांनी ते १९९६ साली प्रसिद्ध केले व २००२ साली सर्वांसाठी खुले केले. खुले म्हणजे नुसते फुकट नव्हे. त्यातील मूळ आज्ञांचे लिखाण कोणीही वाचावे, सुधारावे व पुढे द्यावे. मात्र सुधारलेली प्रत वाटणाऱ्याने आपले लिखाणही तसेच खुले ठेवले पाहिजे, अशी त्याची अट आहे. संस्थेच्या जमाखर्चाची वही सभासदांपुढे उघडी असली म्हणजे चूक सापडते, तसेच हे आहे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची का, ते पाहू. सा, रे, ग, प, ध हे स्वर दिले आणि ‘एकच स्वर लागोपाठ दोनदा घेऊ नको’ असे सांगितले, तर संगणक क्षणात हव्या तितक्या स्वरपंक्ती देईल. पण तो भूप झाला काय? देशकाराचेही स्वर तेच आहेत. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. हा भेद यंत्राला ठाऊक नसतो. तो जाणत्याने नियमात घालावा लागतो. नियम बंद पेटीत असतील, तर चुकीचा भूप हजारो मुलांच्या कानी पडेल आणि गुरुजींना तो दुरुस्त करता येणार नाही. वही उघडी असेल, तर संगणक जाणणारा एखादा शिष्य जवळ घेऊन गुरुजी ती चूक सुधारू शकतील.

घराण्यांनी जपलेल्या, प्रसंगी लपवलेल्याही चिजा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. विद्या उघड केल्याने गाणे उणे झाले नाही. शिकणारे मात्र वाढले. आपल्या कुटुंबांत गाणे शिकलेली मुले आहेत, संगणक शिकलेलीही आहेत. दोघांनी एका बैठकीवर बसावे, एवढीच आमची विनंती आहे.