पहिला कॅमेरा : थोड्या पैशांत निवड कशी करावी?

नवें शालेय वर्ष सुरू झालें कीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी, आणि कधीं कधीं त्यांचे पालकही, आम्हांस एक प्रश्न विचारतात : "छायाचित्रें काढावयास शिकावयाचें आहे; तर कॅमेरा कोणता घ्यावा?" विचारणाऱ्याच्या हातीं बहुधा मोजकीच रक्कम असते, आणि तीही बापाच्या पगारांतून अगर आईनें महिनोगणती बाजूस टाकलेल्या पैशांतून आलेली असते. अशा पैशांनीं घ्यावयाची वस्तु ही केवळ हौसेची बाब राहत नाहीं. तो एक लहानसा कारभारच होतो. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. त्याच धोरणानें डिजिटल एस्. एल्. आर्. कॅमेऱ्याच्या निवडीचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. एस्. एल्. आर्. म्हणजे एकाच भिंगानें पाहणारा व टिपणारा, आंत आरसा असलेला कॅमेरा. दृश्याचा प्रकाश भिंगांतून आंत येतो, पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडून वर वळतो, आणि माथ्यावरील पंचकोनी लोलकांतून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतो. स्वस्त कॅमेऱ्यांत लोलकाच्या जागीं लहान आरसेच जुळविलेले असतात. यामुळें आपल्या डोळ्यास जें दिसतें तें प्रत्यक्ष त्या भिंगांतूनच आलेलें असतें. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर म्हणजे पडदा ठराविक क्षणापुरता उघडतो, आणि प्रकाश मागें पडतो. पूर्वीं त्या जागीं फिल्म असे. आतां प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा सेन्सर असतो.

या यंत्राची प्रगति किती झपाट्यानें झाली हें पाहण्यासारखें आहे. इ. स. १९७५ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीचा तरुण इंजिनियर स्टीव्हन सॅसन यानें पहिला डिजिटल कॅमेरा सिद्ध केला. त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार बिंदू असत, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. १९९१ सालीं त्याच कंपनीनें निकॉनच्या एफ् ३ या कॅमेऱ्यास सेन्सर जोडून तेरा लक्ष बिंदूंचा कॅमेरा विक्रीस काढिला. पण त्याची किंमत सामान्य मनुष्याच्या स्वप्नांतही मावण्याजोगी नव्हती. २००३ सालीं कॅननचा ३०० डी हा त्रेसष्ट लक्ष बिंदूंचा कॅमेरा हजार डॉलरांच्या आंत मिळूं लागला, आणि तेथून हें यंत्र हौशी लोकांच्या हातीं आलें. २०१८ सालच्या निकॉन डी ३५०० मध्यें दोन कोटी बेचाळीस लक्ष बिंदू आहेत, व बॅटरी आणि कार्ड धरून त्याचें वजन ४१५ ग्रॅमच भरतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१८ पासून निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनीं आपलें लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिकांकडे वळविलें, आणि २०२० नंतर त्यांनीं आरशाचा नवा नमुना काढिलेला नाहीं. वर सांगितलेल्या डी ३५०० चें उत्पादनही बंद झालें आहे. हें ऐकून कोणी म्हणेल, "मग मेलेल्या घोड्यावर कां बसावें?" पण थोड्या पैशांच्या गिऱ्हाइकास ही इष्टापत्तिच आहे. धनवान हौशी लोक नवें यंत्र घेण्यासाठीं जुनें विकून टाकीत आहेत, आणि चांगल्या स्थितींतील कॅमेरे निम्म्या-पाव किंमतींत बाजारांत येत आहेत. नवें यंत्र निघालें म्हणून जुन्याची चित्रें काढण्याची शक्ति कांहीं कमी होत नाहीं. पांच वर्षांपूर्वीं जो कॅमेरा उत्तम चित्र काढीत असे, तो आजही तसेंच काढतो.

कॅमेरा निवडण्यापूर्वीं मात्र त्याची खरोखर गरज आहे काय, हें स्वतःस विचारावें. भर उन्हांत सहलीचीं चित्रें काढावयाचीं आणि तीं आप्तेष्टांस पाठवावयाचीं, एवढाच हेतु असेल तर खिशांतला फोन पुरेसा आहे. त्यासाठीं आईबापांस खर्चांत घालूं नये. परंतु दूरच्या फांदीवरचा पक्षी टिपावयाचा असेल, अंधुक उजेडांत हालणारें दृश्य धरावयाचें असेल, किंवा छिद्र, पडदा व प्रकाश यांचा मेळ स्वतःच्या हातानें घालून ही विद्या मुळापासून शिकावयाची असेल, तर एस्. एल्. आर्. सारखा गुरु स्वस्तांत दुसरा नाहीं.

दुकानदार पहिल्यानें बिंदूंची, म्हणजे मेगापिक्सेलची, संख्या सांगून गिऱ्हाइकास दिपवितो. येथें शाळेंतलें गणित कामास येतें. उत्तम छपाईस दर इंचास ३०० बिंदू लागतात. बारा इंच लांब व आठ इंच रुंद असें चित्र छापावयाचें तर ३६०० गुणिले २४००, म्हणजे शहाऐंशी लक्ष चाळीस हजार बिंदू पुरेत. एवढें मोठें चित्र आपल्यापैकीं कितीजण भिंतीवर लावतात? तेव्हां एक कोट वीस लक्ष बिंदूंचा जुना कॅमेराही या कामास पुरून उरतो. त्यापुढील प्रत्येक कोटीसाठीं जादा पैसे मोजण्यांत नवशिक्याचें हित नाहीं.

पैसे मोजावयाचेच तर ते भिंगासाठीं मोजावे. भिंगाच्या छिद्राचें माप एफ् या अंकानें सांगतात. भिंगाचें केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास म्हणजे हा अंक. म्हणून अंक जितका लहान, तितकें छिद्र मोठें. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचें एक झूम भिंग मिळतें. पन्नासच्या सुमारास त्याचें छिद्र एफ् ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं, म्हणजे व्यास सुमारें ९ मिलिमीटर. पन्नास मिलिमीटरच्याच एफ् १.८ च्या भिंगाचें छिद्र मात्र सुमारें २८ मिलिमीटर उघडतें. व्यास तिपटीहून अधिक, म्हणून क्षेत्रफळ नऊ-दहा पट, आणि प्रकाशही तितकाच अधिक! संध्याकाळीं शाळेच्या सभागृहांत स्नेहसंमेलन चालू असतां पहिल्या भिंगास जेथें १/१५ सेकंद लागेल, तेथें दुसरें भिंग सुमारें १/१४५ सेकंदांत काम उरकतें. पहिल्या चित्रांत नाचणाऱ्या मुलीचे हात धुरासारखे पसरलेले दिसतील. दुसऱ्यांत तिच्या बांगड्याही मोजतां येतील. कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आय्. एस्. ओ. चा अंक, वाढवूनही उजेडाची उणीव भरून काढतां येते. पण तसें केल्यास चित्रांत रवाळपणा येतो. मोठ्या छिद्राचा एक तोटाही ध्यानांत ठेवावा : थोडेंच अंतर स्पष्ट येतें, मागचें व पुढचें अस्पष्ट होतें. म्हणून माणसाचें चित्र घेतांना नेम डोळ्यांवरच धरावा.

आमच्या माहितींतील दोन तरुणांचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. दोघांसही लग्नकार्यांत छायाचित्रें काढून घरास हातभार लावावयाचा होता. एकानें हप्त्यांवर भारी किंमतीचा नवा कॅमेरा घेतला, आणि भिंगासाठीं हातीं कांहींच उरलें नाहीं. देवळांतील मंद दिव्यांत त्याचीं चित्रें काळवंडलीं व हाललीं. पुढचें काम मिळालें नाहीं, पण हप्ता मात्र दर महिन्यास दारांत उभा राही. दुसऱ्यानें जुनी बॉडी घेतली, तीवर पन्नासचें एफ् १.८ भिंग चढविलें, आणि कोणाचें एक पैचें देणें केलें नाहीं. आज त्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी त्या भिंगांतून निघते. दोघांच्या हुन्नरांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो हिशेबांत.

म्हणून आमचा सल्ला असा : हातीं असलेल्या दर शंभर रुपयांपैकीं पन्नासांहून अधिक बॉडीवर खर्चूं नयेत. तीस रुपये भिंगासाठीं ठेवावे, आणि वीस रुपये जादा बॅटरी, चांगलें कार्ड, पिशवी व देखभाल यांसाठीं. कर्ज काढून पहिला कॅमेरा मुळींच घेऊं नये.

भिंग घेतांना तें आपल्या कॅमेऱ्यास जुळतें कीं नाहीं हें पाहावें. कॅननच्या ३०० डी पासून पुढील लहान सेन्सरच्या एस्. एल्. आर्. कॅमेऱ्यांस ई. एफ्. व ई. एफ्.-एस्. हीं दोन्ही भिंगें चालतात. निकॉनच्या बाबतींत अधिक सावधगिरी पाहिजे. डी ३५०० सारख्या तीन हजारांच्या व डी ५३०० सारख्या पांच हजारांच्या मालिकेंत भिंग फिरविण्याची मोटर बॉडींत नसते. अशा कॅमेऱ्यास जुनें ए. एफ्.-डी जातीचें स्वस्त भिंग लाविलें तर तें बसेल खरें, पण आपोआप नेम धरणार नाहीं. त्यासाठीं स्वतःची मोटर असलेलें ए. एफ्.-एस्. अगर ए. एफ्.-पी जातीचें भिंग हवें, आणि ए. एफ्.-पी घेण्यापूर्वीं तें आपल्या नमुन्यास चालतें कीं नाहीं हें विचारून घ्यावें. तसेंच लहान सेन्सरवर पन्नासचें भिंग ७५ ते ८० मिलिमीटरप्रमाणें जवळचें दाखवितें. तें एकट्यादुकट्याच्या मुखचित्रास उत्तम. परंतु चाळींतील लहान खोलींत सारें कुटुंब एका चित्रांत घ्यावयाचें तर ३५ मिलिमीटरचें बरें.

जुना कॅमेरा घेतांना डोळे उघडे ठेवावे. मूळ पावती मागावी, आणि तीवरील अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशीं असलेल्या अंकाशीं ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. शटर किती वेळां उघडलें आहे हें विचारावें. डी ३५०० सारख्या कॅमेऱ्याचें शटर एक लक्ष वेळां उघडण्याच्या कसोटीस उतरलेलें असतें; तेव्हां वीस-तीस हजारांवर असलेलें यंत्र तरुण समजावें, आणि नव्वद हजारांवरचें घेण्यापूर्वीं दुरुस्तीचा खर्च मनांत धरावा. निकॉनच्या चित्रांतच ही संख्या नोंदलेली असते व संगणकावर वाचतां येते. मग छिद्र एफ् १६ इतकें लहान करून पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. सेन्सरवर धूळ असल्यास काळे ठिपके दिसतील. भिंगाच्या एका बाजूनें विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूनें पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. तसें भिंग फुकट मिळालें तरी नाकारावें. शेवटीं स्वतःचें कार्ड घालून दहा-वीस चित्रें काढावीं व घरीं मोठ्या पडद्यावर पाहूनच सौदा पुरा करावा.

बुरशीचा उल्लेख आला म्हणून देखभालीविषयीं दोन शब्द. कोंकण, मुंबई व गोवा येथील पावसाळा हा भिंगाचा मोठा वैरी आहे. कॅमेरा कातडी पिशवींत घालून चार महिने कपाटांत कोंडून ठेवणें म्हणजे बुरशीस आमंत्रण देणें होय. घट्ट झांकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, त्या ओलसर झाल्या कीं बदलाव्या अगर जातीप्रमाणें तापवून वाळवाव्या, आणि आठवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वापरांत असलेल्या भिंगास बुरशी सहसा धरत नाहीं. माणसाच्या बुद्धीचीही गोष्ट कांहींशी अशीच आहे.

असो. साधन साधें असल्यानें विद्या अडत नाहीं, याला इतिहास साक्ष आहे. १९०० सालीं कोडॅकनें ब्राउनी नांवाची पुठ्ठ्याची पेटी एका डॉलरला विकावयास काढिली. तशाच एका ब्राउनीनें १९१६ सालीं चौदा वर्षांच्या अँसेल अ‍ॅडम्सनें अमेरिकेंतील योसेमिटीच्या खोऱ्याचीं आपलीं पहिलीं चित्रें घेतलीं; पुढें त्याच पर्वतांच्या चित्रांनीं तो जगप्रसिद्ध झाला. आपल्याकडे नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, आणि सोबतच्या विद्यार्थिनी व मुंबईचें रोजचें जीवन यांचीं चित्रें काढून त्यांनीं हात बसविला. आरंभीं त्यांचीं चित्रें पतीच्या नांवानें छापून येत. पण त्यांनीं काम सोडलें नाहीं. पुढें त्या भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावल्या, व २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण देण्यांत आलें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, कॅमेऱ्याची बॉडी पांच-सात वर्षांत जुनी होते. चांगलें भिंग नीट जपलें तर वीस-पंचवीस वर्षें टिकतें, आणि जोडणी लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यावरही पुष्कळदां चालतें. परंतु पाहावयास शिकलेला डोळा जन्मभर पुरतो. खर्चाचा क्रम या टिकाऊपणाच्या क्रमानें लावावा. डोळ्यास पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. तो भरपूर द्यावा. मग भिंग, आणि सर्वांच्या शेवटीं बॉडी. पहिला कॅमेरा हातीं येईल त्या दिवशीं दूरचे डोंगर शोधीत जाण्यापूर्वीं घरांतील आजीचें एक चित्र खिडकीच्या उजेडांत काढून ठेवावें. डोंगर उद्यांही तेथेंच राहतील.