न ओतलेलें सरबत

पडद्यावर एक रिकामा पेला दिसतो. वरून केशरी सरबताची धार पडते, तळाशीं आपटून कांठापर्यंत उसळते. एक थेंब क्षणभर हवेंत तरंगतो आणि पुन्हां पेल्यांत पडतो. पाहणाराच्या घशाला कोरड पडते. परंतु पुष्कळदां असें असतें कीं, तें सरबत कोणीं केलेलें नसतें, पेला कोणीं धुतलेला नसतो आणि धारही कोणीं ओतलेली नसते. सर्व दृश्य संगणकानें आकडेमोड करून उभें केलेलें असतें. हें कसें साधतें, आणि अशा दृश्यावर विश्वास तरी कितपत ठेवावा, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

खरें सरबत ओतून त्याचेंच चित्र कां घेऊं नये, अशी शंका प्रथम येते. तसें चित्र घेतां येतें व आजही घेतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनीं विजेच्या ठिणगीच्या प्रकाशांत पडत्या थेंबांचीं छायाचित्रें घेतलीं व १९०८ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं दुधाच्या थेंबांतून उठणारा मुकुट १९३६ सालीं टिपला. पण थेंब कोणाची आज्ञा पाळीत नाहीं. जाहिरात करणाराला शिंतोडा नेमक्या क्षणीं, नेमक्या ठिकाणीं आणि बाटलीवरील नांव न झांकतां उडालेला हवा असतो. खऱ्या द्रवाकडून तें करवून घेतांना ओतणें आणि पुसणें यांची पाळी पुनःपुन्हां येते.

द्रवाच्या गतीचे नियम मात्र फार पूर्वींच समीकरणांत बांधले गेले आहेत. फ्रान्समधील नाव्हिए यांनीं १८२२ सालीं आणि ब्रिटनमधील स्टोक्स यांनीं १८४५ सालीं तीं मांडलीं. त्यांचा मथितार्थ सोपा आहे. द्रवाच्या प्रत्येक कणाला शेजारचे कण दाबतात, आपल्या चिकटपणानें मागें ओढतात आणि पृथ्वी खालीं खेंचते. या सर्व धांवपळींत द्रवाचें आकारमान मात्र कमी-जास्त होत नाहीं. परंतु उसळणाऱ्या धारेसाठीं हीं समीकरणें कागदावर सोडवितां येत नाहींत. म्हणून संगणक पेल्यांतील जागेचे बारीक चौकोनी घर पाडतो, काळाचेही लहान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यांत प्रत्येक घरांतील वेग व दाब काढतो. हार्लो व वेल्श यांनीं अशी एक पद्धति १९६५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केली. हेतु चित्रें काढण्याचा नव्हता, शास्त्रीय होता. फॉस्टर व मेटाक्सस यांनीं १९९६ सालीं तीच वाट चित्रनिर्मितीकडे वळविली. या कामांत काटकसर अवघड असते. घराची बाजू निम्मी केली कीं घरांची संख्या आठपट होते. काळाचे तुकडेही त्याच प्रमाणांत लहान करावे लागले तर श्रम सोळापट होतात.

इतकें करूनही पेल्यांतील सरबत कित्येकदां समुद्रासारखें दिसतें. याचें कारण डोळ्यांच्या एका संवयींत आहे. १० सेंटिमीटर उंचीवरून सुटलेला थेंब सेकंदाच्या सुमारें सातव्या भागांत खालीं येतो; १० मीटर उंचीवरून येण्यास त्याला सुमारें १.४ सेकंद लागतात. उंची शंभरपट, पण वेळ दहापटच. डोळा हा हिशेब न शिकतांच जाणतो आणि वेगावरून वस्तूचा आकार ताडतो. जाहिरातींत तर धार मुद्दाम मंदगतीनें दाखवितात. तेव्हां ती पेल्यांतलीच आहे हें सांगण्याचें काम पृष्ठताणावर पडतें. समुद्राच्या लाटेला पृष्ठताणाचें कांहीं महत्त्व नसतें. पेल्यांत मात्र तोच कांठाशीं द्रव वर चढवितो, शिंतोड्याची कड गोल करतो आणि बारीक धार तोडून तिचे मणी बनवितो. ज्याला हें पाहावयाचें असेल त्यानें ताक उंचावरून बारीक धारेनें ओतून पाहावें.

गति साधली तरी प्रकाश उरतोच. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आणि साध्या कांचेचा सुमारें १.५ आहे. आकडेमोडींत द्रव व कांच यांच्यामध्यें केसाएवढी फट राहिली, तरी प्रकाश मध्येंच हवेंत शिरून भलतीकडे वळतो आणि सरबत पेल्यांत भरलेलें न दिसतां आंत ठेवलेल्या वेगळ्या वस्तूसारखें दिसतें. म्हणून कारागीर द्रवाची बाहेरची बाजू कांचेच्या आंत किंचित् शिरलेली ठेवतात. रंगही सर्वत्र सारखा देऊन चालत नाहीं. कोकमाचें सरबत पेल्याच्या मध्यभागीं गडद आणि कडेला फिकट दिसतें. दुधांत तर प्रकाश आंत शिरतो, विखुरतो आणि दुसऱ्याच ठिकाणीं बाहेर पडतो. हा हिशेब आटोपशीर रीतीनें करण्याची युक्ति जेन्सन व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं दिली. ती वगळली तर दूध चुन्याच्या साक्यासारखें निर्जीव दिसतें.

मग हें सर्व खोटें म्हणावें काय? १९६५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें दाढीच्या साबणाच्या एका जाहिरातीचा खटला आला होता. साबण लावतांच वाळूचा कागदही वस्तऱ्यानें साफ होतो, असें त्या जाहिरातींत दाखविलें होतें. वस्तुतः तो कागद नव्हता, पारदर्शक प्लास्टिकवर पसरलेली वाळू होती. न्यायालयानें ही फसवणूक ठरविली, कारण पाहणाराला तें प्रत्यक्ष प्रमाण म्हणून दाखविलें होतें. दिव्यांच्या उष्णतेनें वितळणाऱ्या आइस्क्रीमऐवजीं केवळ शोभेसाठीं कुसकरलेला बटाटा ठेवणें ही गोष्ट मात्र न्यायालयानें वेगळी मानली.

न ओतलेल्या सरबताला हाच भेद लावावा. द्रव कसा वाहतो आणि प्रकाश त्यांतून कसा जातो, एवढेंच तें चित्र खरेपणानें सांगूं शकतें. पेयांत फळाचा रस किती, साखर किती आणि चव कशी, यांविषयीं त्या समीकरणांत एक अक्षरही नाहीं. तें बाटलीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेलें असतें. आणि तेथें कोणतीही धार उसळत नाहीं.