जुनं इंजिन बसवलं, पण गाडी सुरूच होत नाही? सेन्सर आणि टायमिंगचा घोळ असा सोडवा



गॅरेज व्यवसायावरच्या व्हिडिओत इंजिन बदलण्याच्या कामाचा विषय आला होता. तिथे वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर बोलू. स्वतःचं गॅरेज काढणाऱ्यांना हे काम फार आकर्षक वाटतं. मजुरी चांगली मिळते आणि गिऱ्हाईक घासाघीसही कमी करतं. पण गॅरेजचा नफा सगळ्यात जास्त याच कामात बुडतो.

एक साधा हिशोब करू. धरा, इंजिन बदलायची मजुरी ठरली १२,००० रुपये. इंजिन बसलं, पण गाडी सुरू होईना. मग अंदाजाने दोन सेन्सर बदलले, ५,५०० रुपये गेले. तीन दिवस रॅम्प अडकला. रोजचे १,५०० धरले तर ४,५०० आणखी गेले. हातात उरले २,०००, आणि गाडी अजून बंदच! म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी तपासणीचा क्रम पाठ करा.

मुळात घोळ होतो कसा?

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घेऊ: १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांत ते आलं. त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात दुकानदार सहज सांगतो, "घ्या साहेब, सगळं सेमच आहे." ब्लॉक बऱ्याच अंशी सारखा असतो हे खरं. पण स्विफ्टमध्ये हे इंजिन ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं आलं. एसएक्स४ आणि अर्टिगामध्ये तेच ९० पीएसचं, व्हीजीटी टर्बोचं आलं. व्हीजीटीच्या पात्यांचा कोन ईसीयू सांभाळतो. स्विफ्टच्या ईसीयूला तसं काही चालवायची सवयच नाही. म्हणजे इंजिन माउंटिंगवर बसेल, सुरूही होईल, पण पिकअप मिळणार नाही किंवा गाडी लिंप मोडमध्ये जाईल.

इथून पहिला नियम निघतो: ईसीयू, वायरिंग आणि सेन्सर हे एकाच घरातले हवेत. गाडीचा ईसीयू आणि वायरिंग मूळचं ठेवणार असाल, तर जुन्या इंजिनावरचे चालू सेन्सर काढून नव्या आणलेल्या इंजिनावर चढवा. इंजिनासोबत आलेला ईसीयू लावायचा मोह टाळा. तो त्याच्या मूळ गाडीच्या चावीशी जोडलेला असतो, मग इमोबिलायझर आडवा येतो.

म्हणून जुनं इंजिन भंगारात द्यायची घाई करू नका. गाडी चार दिवस नीट चालली की मगच द्या.

तपासणीचा क्रम

१. बॅटरी आणि अर्थ. इंजिन उतरवताना अर्थची पट्टी सुटते आणि परत लावायची राहून जाते, किंवा रंगावर लागते. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थ दुरुस्त करा. खराब अर्थमुळे एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड येतात आणि माणूस नको तिथे शोधत बसतो.

२. स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या, पुसा, पुन्हा सेल्फ मारा. काम करताना कप्लर काढलेले असतात, त्यामुळे जुने कोड साठलेले असतातच. पुन्हा आलेला कोडच खरा. महत्त्वाचे तीन लक्षात ठेवा: पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरचं सर्किट, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही.

३. सेल्फ मारताना आरपीएम बघा. लाइव्ह डेटात साधारण २०० ते २५० आरपीएम दिसायला हवं. शून्य दिसत असेल तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. अशा वेळी क्रँक सेन्सर बघा. दोन वायरचा असेल तर बहुधा कॉइलवाला असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो आणि सेल्फ मारताना एसी व्होल्टेज मिळतं. तीन वायरचा असेल तर बहुधा हॉल सेन्सर असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजू नका. सप्लाय, अर्थ आणि सिग्नल या तीन गोष्टी तपासा. कप्लर सारखा दिसला म्हणून सेन्सर सारखा असेलच असं नाही.

४. दात मोजा. क्रँक सेन्सर एका दातेरी चाकावरून वाचतो. बऱ्याच गाड्यांत ६० दातांच्या जागा असतात आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे एक दात ६ अंशांचा. ती रिकामी जागा दिसली की ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते समजतं. काही इंजिनांत ३६ जागा आणि एक दात गाळलेला, म्हणजे एक दात १० अंशांचा. आणलेल्या इंजिनाचं चाक वेगळं असेल तर नवा सेन्सर लावूनही काही होणार नाही, चाकच बदलावं लागेल. हे चाक फ्लायव्हीलकडे असतं किंवा पुढच्या पुलीकडे. म्हणून इंजिन खाली असतानाच जुनं-नवं शेजारी ठेवून दात मोजा, फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

५. पी००१६ आला तर चेनकडे जा. आरपीएम दिसतंय, दोन्ही सेन्सर सिग्नल देतायत, तरी मेळ नाही. अशा वेळी चेन ताणलेली असते किंवा एक दात चुकून बसलेली असते. क्रँकच्या गिअरला २० दात असतील, तर एक दात चुकला की क्रँक १८ अंशांनी पुढे-मागे! मल्टिजेटला टायमिंग लॉक करायच्या पिना मिळतात, त्याच वापरा, पेंटच्या खुणांवर विसंबू नका. टायमिंग लावल्यावर पान्याने, हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल. सगळं मोकळं फिरलं तरच सेल्फ मारा.

६. डिझेल असेल तर रेल प्रेशर आणि इंजेक्टर. सुरू होण्यासाठी रेलमध्ये साधारण २०० बार तरी लागतात. प्रेशर बनत नसेल तर आधी हवा धरलीय का, फिल्टर आणि लाइन नीट आहे का ते बघा. अनेक कॉमन रेल इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलले तर तो कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो, नाहीतर गाडी खडखडते, धूर मारते. आणि मुलांना बजावून ठेवा: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइप सैल करायचा नाही. हजार बारच्या वरचं डिझेल कातडी फाडून आत जातं.

७. गाडी सुरू झाली, पण नीट चालत नाही? कूलंट टेम्परेचर सेन्सर बघा. थंड इंजिनवर स्कॅनरला बाहेरच्या हवेइतकंच तापमान दिसायला हवं. सकाळी गाडी थंड असताना ८० अंश दाखवत असेल, तर सेन्सर दुसऱ्या जातीचा आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे.

आता धंद्याचं बोलू

जॉब कार्डवर तीन गोष्टी वेगळ्या लिहा: बसवण्याची मजुरी, तपासणीची मजुरी आणि लागतील ते पार्ट. तपासणी फुकट केलीत तर तुमच्या ज्ञानाची किंमत शून्य होते. इंजिन गिऱ्हाईकाने आणलं असेल तर "इंजिनाच्या आतल्या दोषाची जबाबदारी गॅरेजची नाही" असं लिहून सही घ्या. तुम्ही आणून देत असाल तर दुकानदाराकडून बिल आणि बदलून देण्याची मुदत लेखी घ्या.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदलाला आरटीओची मंजुरी लागते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. हे काम मालकाचं असलं तरी सांगण्याचं काम तुमचं. बिलाशिवाय आलेलं इंजिन बसवूच नका. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

या आठवड्याचा गृहपाठ: वरचे सात मुद्दे एका कागदावर लिहा, लॅमिनेट करा आणि रॅम्पजवळ टांगा. इंजिन बदललेली गाडी आली की मुलांनी त्याच क्रमाने जायचं आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आकडा लिहायचा. आकडा लिहिल्याशिवाय एकही सेन्सर मागवायचा नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.