सर्व्हरवर ताण आला की घड्याळच संथ! 'ईव्ह ऑनलाइन'ची युक्ती काय?

हजारो खेळाडू एकाच ठिकाणी आले की ऑनलाइन गेम अडकतो. म्हणून बहुतेक गेम खेळाडूंना वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागतात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन'ने (२००३) मात्र चीन वगळता सगळ्यांना एकाच विश्वात ठेवले.

अडचण कुठे?
गेमचा सर्व्हर स्टॅकलेस पायथॉनवर चालतो. एका तारामंडळातला बहुतेक हिशेब प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होतो. तो अनेक कोअरमध्ये सहज वाटता येत नाही. गर्दी वाढली की खेळाडूंच्या कमांड रांगेत अडकतात. कोणाचा वार आधी लागणार, हे नशिबावर जाते.

तोडगा काय?
'टाइम डायलेशन'. ताण वाढताच त्या भागातला काळ सगळ्यांसाठी सारखाच संथ होतो, अगदी १० टक्क्यांपर्यंत. एका मिनिटाच्या चालीला १० मिनिटे लागतात, पण कोणावर अन्याय होत नाही.

परिणाम काय?
जानेवारी २०१४ मध्ये एक बिल भरायचे राहिले आणि 'बी-आर५आरबी' येथे युद्ध पेटले. ७,५०० हून अधिक खेळाडू त्यात उतरले, युद्ध सुमारे २१ तास चालले. बाहेर काळ नेहमीच्या वेगाने धावत असल्याने लांबून कुमक आणायला वेळ मिळाला. इंजिनच्या मर्यादेनेच युद्धनीती ठरवली!