पाच सेकंदांची टिप

उन्हाळी अंकासाठी उष्णतेवर काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला. पन्हं, वाळा आणि उष्माघात यांची वाटणी आधीच झाली होती. मग मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत जाऊन उभी राहिले.

कोल्हापूरच्या ओतकामाचा इतिहास सांगायला इथे प्रत्येक जण तयार असतो. तो थोडक्यात असा: उसाला पाणी लागलं, पाण्याला पंप आणि इंजिन, गुळाला चरक, ते बनवता-दुरुस्त करता उद्यमनगर उभं राहिलं आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावात मोटारींचे सुटे भाग ओतले जाऊ लागले. माझं लक्ष मात्र भट्टीवरच्या मामांच्या हातातल्या लांब लोखंडी नळीवर खिळलं होतं.

मामांनी खोक्यातून पुठ्ठ्याची एक नळकांडी काढली आणि लोखंडी नळीच्या टोकावर दाबून बसवली. ही टिप. तिच्या तोंडाशी पत्र्याची इवलीशी टोपी, टोपीखाली क्वार्ट्झची यू आकाराची बारीक नळी, आणि त्या नळीत केसाहून जाड नसलेल्या दोन तारा टोकाला जोडलेल्या. एक प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनममध्ये 10 टक्के ऱ्होडियम मिसळलेली. मामांनी मळी बाजूला सारली आणि टिप वितळलेल्या धातूच्या रसात खुपसली. टोपी वितळली, मीटरवरचा आकडा उसळला, क्षणभर थबकला, दिवा लागला. 1487 अंश सेल्सिअस. नळी बाहेर आली तेव्हा पुठ्ठा पेटलेला होता. मामांनी तो ठोकून पाडला. काडेपेटीतल्या काडीसारखा एकदाच वापरायचा.

“रंगावरनं मला कळतंय की, ताई,” मामा म्हणाले. “पर साहेबास्नी आकडा लागतोय.”

आकडा लागतो हे खरंच. रस थंड असला तर पातळ कडांपर्यंत पोचतच नाही, साचा अर्धवट भरतो. फार तापला तर वाळू चिकटते आणि भट्टीचं अस्तर खाल्लं जातं.

दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून सांधा तापवला की वीज निर्माण होते, हे सीबेकनं 1821 मध्ये पाहिलं. प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी 1880 च्या दशकात ल शातेलिएनं रूढ केली. प्लॅटिनम 1768 अंशांना वितळतं, म्हणजे रसापासून फार लांब नाही. 1500 अंशांना ही जोडी सुमारे साडेपंधरा मिलिव्होल्ट देते; एका अंशाला जेमतेम बारा मायक्रोव्होल्ट. एवढ्या आगीत टिकायचा हट्टच टिप धरत नाही. पाच-सहा सेकंदांत खरं सांगायचं आणि मरायचं. मला ही युक्ती फार आवडली.

टिप मरते म्हणून तिच्यावर विश्वास टाकता येतो. काळजी टिकणाऱ्यांची. नळीतली केबल आणि टिप जिथे बसते तो सांधा रोज तीच धग सोसतात. ही केबल साधी तांब्याची नसते. तापमानाच्या ठरावीक मर्यादेतच टिपेच्या तारांची नक्कल करणारी असते. ती जळाली आणि घाईत कुणी साध्या तारेचा तुकडा जोडला, तर मीटर बंद पडत नाही. आकडा येतच राहतो. सांधा 80 अंशांवर आणि मीटर 35 वर असेल, तर तो आकडा सुमारे 25 अंशांनी कमी येतो. 1487 च्या जागी 1462. यात कुणाला काय खटकणार? मामांच्या डोळ्याला कदाचित खटकेल, पण मामांच्या डोळ्याची नोंद रजिस्टरात होत नाही. मग भट्टी आणखी तापवली जाते, विजेचं बिल वाढतं आणि अस्तर झिजतं. अस्तराच्या पलीकडे तांब्याची कॉइल असते, आणि कॉइलमध्ये पाणी.

शेजारच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत तर सेन्सर महिनोन्‌महिने आत बसलेला असतो. तो ‘के’ प्रकारचा, क्रोमेल-अल्युमेलचा, स्वस्त आणि सर्वत्र वापरला जाणारा. 800 ते 1050 अंशांच्या दरम्यान, प्राणवायू अपुरा असला, की क्रोमेलमधलं क्रोमियम तेवढं जळू लागतं. तारेवर हिरवट थर येतो आणि सेन्सर हळूहळू कमी तापमान दाखवू लागतो. इथेही कमीच. कंट्रोलर बिचारा त्यावर विश्वास ठेवून हीटर चालू ठेवतो.

हा सेन्सर काढून तपासायला प्रयोगशाळेत पाठवावा, तर गंमत अशी की व्होल्टेज टोकाच्या सांध्यात तयार होत नाही. ते तारेच्या त्या भागात तयार होतं जिथे गरमाकडून थंडाकडे उतार असतो, म्हणजे बहुतेक भट्टीच्या भिंतीत. प्रयोगशाळेच्या भट्टीत तो उतार तारेच्या दुसऱ्याच, न बिघडलेल्या भागावर आला, तर सेन्सर उत्तम असल्याचा दाखला मिळतो. परत बसवला की पुन्हा खोटं बोलतो. म्हणून जाणकार तो जागेवरच तपासतात: शेजारच्या भोकातून नवा सेन्सर तेवढाच आत घालायचा आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे.

या भट्टीला दुसरं भोक नव्हतं. पुढच्या शटडाउनला पाडून घेऊ, असं मॅनेजर म्हणाले. शटडाउन कधी, ते ऑर्डरींवर अवलंबून.