पिशवीला सूज आली, आता काढायचीच का?

सोनारीत बायका जमल्या की एक वाक्य कानावर येतंच, "पिशवीला सूज आहे, काढून टाका म्हणालेत." आज या सुजेबद्दल बोलू.

सोनोग्राफीच्या कागदावर 'अॅडेनोमायोसिस' लिहिलं असेल तर तो कॅन्सर नव्हे. पिशवीचं आतलं अस्तर तिच्याच जाड भिंतीत शिरतं. मग पिशवी फुगते, पाळीत अंगावरून फार जातं, ओटीपोट ठणकतं. पाळी कायमची गेली की हा त्रास बहुधा ओसरतो. म्हणजे पंचेचाळिशीच्या बाईने मधली चार-पाच वर्षं निभावली, तरी पुष्कळदा ऑपरेशन टळतं.

निभवायला आधी गोळ्या असतात. त्यांनी भागलं नाही तर हार्मोनची तांबी. तांबी म्हटल्यावर तुम्ही दचकाल, आणि ते खरंच आहे, साध्या कॉपर-टीने पाळीत जास्त जाऊ शकतं. ही वेगळी. हिच्यातून थोडं थोडं हार्मोन पिशवीतच झिरपतं आणि अस्तर पातळ होतं. पोट फाडावं लागत नाही, साधारण पाच वर्षं चालते, नको वाटली तर काढता येते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. इथेच बायका कंटाळून ती काढून टाकतात, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. पिशवी फार मोठी असेल तर मात्र ती निसटू शकते.

दुसऱ्या उपायात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून पिशवीचा रक्तपुरवठा अडवतात. टाके नाहीत, पण पहिले काही दिवस चांगलंच दुखतं. मूल हवं असेल तर हा उपाय सहसा देत नाहीत. बाहेरूनच ध्वनिलहरींनी आतला भाग जाळण्याचीही पद्धत आहे, पण ती मोजक्या मोठ्या शहरांतच मिळते.

पिशवी काढणं चूक नाही. सगळं करून भागलं नाही तर तोच पक्का इलाज. पण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेली पाहणी सांगते, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहातली एक! म्हणून परंड्याला, बार्शीला गेलात तर विचारा, "हार्मोनची तांबी माझ्यासाठी चालेल का? पिशवी काढलीच तर बीजकोश ठेवणार ना?" सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. रक्त किती आहे तेही तपासा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर मात्र थांबू नका. ती गोष्ट वेगळी, त्याच आठवड्यात तपासून घ्या.